कोपऱ्यातली गाठ

नकाशा उलगडला तेव्हा
आधी कसर बाहेर आली, मग निळा रंग.
निळ्यावर पांढऱ्या रेघा,
खाली उजव्या कोपऱ्यात:
वेदरबी आणि क्रेन, वास्तुरचनाकार, बोस्टन.
मधला तो इंग्रजी 'अँड'चा वळसा
अगदी मागावर तुटलेल्या सुताला मारतात तसली गाठ.

दोघांपैकी कुणी सोलापूर पाहिलं नव्हतं.
पत्रातून कळवलं असणार,
मुली साठ, खोल्या बारा, विहीर एक, दगड मुबलक.
उन्हाचं लिहायचं राहून गेलं,
किंवा लिहिलंही असेल
आणि डिसेंबरात वाचून त्यांना हेवा वाटला असेल.

म्हणून हे छप्पर असं उभ्या उताराचं,
बर्फ घसरून पडावं म्हणून.
शंभर वर्षांत त्यावरून घसरल्या
निंबोळ्या, कटलेले पतंग,
एकदा गिरणीच्या भोंग्याला दचकलेलं वानर.
म्हणून जेवणघरात ही शेकोटी.
धुराडं वर गेलं, धूर कधी गेला नाही.
मुलींनी तिच्यात शेंगाचटणीच्या बरण्या ठेवल्या.
धूर सोडायला गावात तेव्हा दुसरी धुराडी होती.

मी टेप लावते. दुसरं टोक शांतवनच्या हातात,
तो इथला रखवालदार, त्याची आई इथंच शिकली.
"काय हुडकायलाव मॅडम? पाडणारच हाय की."
पाडायच्या आधी मोजावं लागतं.
"हां. मयताला अंघोळ घालत्यात तसं,"
म्हणतो, आणि टेप ताणून धरतो.

भिंत कागदापेक्षा नऊ इंच जाड.
पुन्हा मोजते. नऊच.
पूर्वेच्या खिडक्या कागदावर सात, भिंतीत तीन.
पश्चिमेला एकही नाही,
त्यांच्या जागी कोनाडे, कोनाड्यांत चिमणीची काजळी.
आणि हा व्हरांडा,
आठ खांबांचा, उत्तरेचा,
जिथं बसून साठ जणी पाढे घोकत असतील,
तो तर बोस्टनला ठाऊकच नाही.

कागदाच्या पाठीवर पेन्सिल. मोडी.
मला येत नाही. गाजुल सरांनी वाचून दिलं,
भिंग धरून, चहा निववून:

'भिंत नऊ इंच वाढविली. ऊन.
खिडक्या पूर्वेच्या चार, पश्चिमेच्या अवघ्या बुजविल्या. ऊन.
पडवी आमचे मनची. साहेबांस कळविणे.
यल्लाप्पा बिन हणमा, पाथरवट.
निशाणी छिन्नी.'

साहेबांस कळवलं का, कागद सांगत नाही.
अक्षर कारकुनाचं. छिन्नी मात्र त्यानं स्वतः काढलेली,
एक रेघ, टोकाला जराशी बोथट.

माझे वडील, अंबादास बोल्ली,
साखर पेठेत एका खोलीत
चादरीचे नमुने काढायचे.
चौकटीच्या कागदावर घर घर भरत लाल शाईनं
सात हजार घरांचा एक मोर.
मागावर चढला की मोराची मान बुटकी व्हायची,
म्हणून ते कागदावरच ती लांब काढत.
मालक हसायचा, हा काय मोर, हा तर उंट.
चादर उतरली की गप्प.
चादरीच्या काठावर नाव कारखान्याचं.
मला हे आत्ता, या पायरीवर आठवायचं कारण नव्हतं.

फॉर्मात एक रकाना: वास्तुरचनाकार.
मी लिहिते, वेदरबी आणि क्रेन.
मग पुन्हा एकदा, आणि.
रकाना तिथं संपतो.
पुढचं मी समासात लिहिते, आडवं,
कागद फिरवून,
आणि छिन्नी काढून बघते. जमत नाही.
पहिली फार टोकदार होते.

शांतवन किल्ल्या वाजवतो.
साडेतीन वाजलेत, मे महिना,
रस्त्यावरचं डांबर चपलेला धरतंय.
व्हरांड्यातली फरशी
अजून गार आहे.